आम्हीच जिंकलो! २००८ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी आणि सोयीच्या मोजपट्ट्या

५ फेब्रुवारी २००८ च्या रात्री हिलरी क्लिंटन न्यू यॉर्कमध्ये आणि बराक ओबामा शिकागोत, दोघंही विजयी मुद्रेने समर्थकांसमोर उभे होते. त्या एका दिवसात बावीस राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी मतदान झालं होतं. हिलरींची माणसं टीव्हीवर सांगत होती, कॅलिफोर्निया आमचं, न्यू यॉर्क आमचं, न्यू जर्सी आमचं, एवढंच काय, ओबामांमागे उभ्या राहिलेल्या सिनेटर केनेडींचं मॅसॅच्युसेट्ससुद्धा आमचंच. ओबामांची माणसं म्हणत होती, राज्यं मोजा, आमची तेरा भरतात. खोटं कोणीच बोलत नव्हतं. तरी दोघांचंही बोलणं ऐकून प्रेक्षकाला नेमकी एकच गोष्ट कळत नव्हती, ती म्हणजे पुढे कोण आहे.

पुढचे चार महिने हेच चालू राहिलं. प्रायमरीच्या हंगामात पक्षपाती भाष्य कसं शिजतं हे बघायला २००८ सारखं वर्ष नाही. कारण त्या वर्षी दोन्ही बाजूंना हुशार वकील, भरपूर पैसा आणि एकमेकांइतकीच मतं मिळाली होती. पण आधी खेळाचे नियम बघू. ते कळले नाहीत तर भाष्यातली लबाडी दिसत नाही.

पक्षाचा अधिकृत उमेदवार राष्ट्रीय अधिवेशनात ठरतो. तिथे मतं टाकतात ते राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट. कोणत्या राज्यातून कोणाचे किती डेलिगेट जाणार हे त्या राज्यातले मतदार ठरवतात. तिकीट दिल्लीत ठरतं याची सवय असलेल्या आपल्याला हे नवलाचं वाटतं, पण तिथेही ही पद्धत फार जुनी नाही. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात आत पुढारी त्यांना उमेदवारी देत होते आणि बाहेर पोलीस तरुणांना झोडपत होते. त्या नामुष्कीनंतर नियम बदलले आणि मतदारांचा शब्द खऱ्या अर्थाने चालू लागला.

मतदान दोन तऱ्हांनी होतं. प्रायमरी म्हणजे आपल्या ओळखीचं मतदान. दिवसभर केंद्र उघडं, गुप्त मत, दोन मिनिटांत मोकळे. कॉकस म्हणजे बैठक. ठरलेल्या वेळी शाळेच्या जिममध्ये किंवा चर्चच्या हॉलमध्ये जमायचं आणि उघडपणे आपल्या उमेदवाराच्या बाजूला जायचं. आयोवात तर पुरेसं बळ नसलेल्या गटाला मोडून दुसऱ्या गटात जावं लागे. बायकामुलांसमोर, शेजाऱ्यांसमोर, कधी मालकासमोर उभं राहून कौल द्यायचा, आणि या सगळ्यात संध्याकाळचे एक-दोन तास जायचे. रात्रपाळीची नर्स, हॉटेलात भांडी घासणारा, घरी तान्हं मूल असलेली आई यांना हे कसं जमणार? हिलरींच्या बाजूने ही तक्रार सतत होत होती, आणि ती खरी होती. फक्त ती आयोवात तिसरा क्रमांक आल्यानंतर मोठ्याने होऊ लागली, एवढंच.

आता गणित. डेमोक्रॅटिक पक्षात 'जिंकेल त्याला सगळं' असं नसतं. १५ टक्क्यांवर मतं मिळवणाऱ्यांमध्ये डेलिगेट प्रमाणात वाटले जातात, आणि ही वाटणी बरीचशी एकेका मतदारसंघाच्या पातळीवर होते. तिथे गंमत आहे. समजा एका मतदारसंघात चार डेलिगेट आहेत आणि लढत दोघांत आहे. तुम्हाला ५५ टक्के मतं मिळाली तर वाटणी दोन-दोन. ६० टक्के मिळाली तरी दोन-दोन. तिसरा डेलिगेट हवा असेल तर साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. म्हणजे मोठी सभा, जाहिराती, दारोदार फिरणं, सगळं करून वीस टक्क्यांनी जिंकलात तरी निव्वळ कमाई शून्य. शेजारच्या तीन डेलिगेटच्या मतदारसंघात मात्र एका मताने पुढे असलात तरी दोन-एक. ओबामांच्या कचेरीत हे कोष्टक मांडून बसलेली माणसं होती. पैसा आणि स्वयंसेवक कुठल्या गावात पाठवायचे हे ती त्यावरून ठरवत. हिलरींची मोहीम मात्र ५ फेब्रुवारीला सगळं आटोपणार या हिशेबाने आखलेली होती. त्यानंतरच्या राज्यांत त्यांची धड कार्यालयंही नव्हती.

त्या रात्रीचीच दोन राज्यं घ्या. न्यू जर्सीत अकरा लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या, नागरिकत्व मिळालेल्या काही मराठी मंडळींनीही केलं असणार. हिलरी तिथे दणक्यात जिंकल्या आणि डेलिगेट पडले ५९ विरुद्ध ४८. निव्वळ फायदा अकरा. आयडाहो या बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, एरवी पक्क्या रिपब्लिकन राज्यात कॉकसला जमले सगळे मिळून एकवीस हजारांच्या आसपास. ओबामांनी तिथे आधीपासून माणसं पेरून ठेवली होती, हिलरींकडून जवळपास कोणी फिरकलंच नाही. डेलिगेट १५ विरुद्ध ३, निव्वळ फायदा बारा. टीव्हीवर न्यू जर्सीचा गाजावाजा झाला. आयडाहोचं नाव बातमीच्या शेवटी आलं.

मग फेब्रुवारीत ओबामांनी ओळीने अकरा लढती जिंकल्या आणि डेलिगेटमध्ये शंभराच्या पलीकडे आघाडी घेतली. प्रमाणात वाटणीच्या पद्धतीत ही आघाडी फोडायची तर पुढची मोठी राज्यं साठ-पासष्ट टक्के मतं मिळवून जिंकायला हवी होती. जाणकारांना हे मार्चच्या सुरुवातीलाच दिसत होतं. तरी भाष्य थांबलं नाही. ते आणखी चढलं.

४ मार्चचं टेक्सस तर नमुनाच. तिथे त्या काळी एकाच दिवशी दोन्ही प्रकार होते. दिवसा प्रायमरी, आणि संध्याकाळी सातला केंद्रं बंद झाली की त्याच ठिकाणी कॉकस. दिवसा मत दिलेल्यांनीच संध्याकाळी परत यायचं. त्याला तिथे 'टेक्सस टू-स्टेप' म्हणत, नाचाच्या प्रकारावरून. शिवाय कुठल्या भागाला किती डेलिगेट, हे आधीच्या निवडणुकांत त्या भागातून पक्षाला किती मतं पडली यावरून ठरलेलं. ह्यूस्टन-डॅलसचे कृष्णवर्णीय भाग आणि विद्यापीठाचं ऑस्टिन यांना त्यामुळे जास्त डेलिगेट, तर हिलरींमागे उभ्या असलेल्या सीमेलगतच्या लॅटिनो भागांना कमी. निकाल काय लागला? प्रायमरीत हिलरी ५१ विरुद्ध ४७ टक्क्यांनी पुढे, डेलिगेट ६५ विरुद्ध ६१. कॉकसमध्ये ओबामा पुढे, ३८ विरुद्ध २९. बेरीज केली तर ओबामा ९९, हिलरी ९४. दुसऱ्या दिवशी मथळे होते हिलरींच्या पुनरागमनाचे, आणि टेक्ससमधून जास्त डेलिगेट घेऊन ओबामा बाहेर पडले होते.

यानंतर पेनसिल्व्हेनियापर्यंत सहा आठवडे मोठं मतदानच नव्हतं. रिकाम्या वेळात वाहिन्या काय दाखवणार? ओबामांचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांच्या फिती, हिलरींनी बोस्नियात गोळीबारातून धावत गेल्याची सांगितलेली हकिगत आणि ती खोटी पाडणारी जुनी चित्रफीत, बंदुकांना आणि धर्माला कवटाळून बसणाऱ्या लोकांबद्दल ओबामांचं वाक्य. २२ एप्रिलला हिलरी नऊ टक्क्यांनी, दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकल्या. डेलिगेट ८५ विरुद्ध ७३. म्हणजे सहा आठवडे घाम गाळून निव्वळ फायदा बारा. आयडाहोत एका संध्याकाळी झाला होता तेवढाच.

इथून भाष्याचा खरा रंग दिसतो. डेलिगेटचं गणित जुळत नाही म्हटल्यावर हिलरींच्या बाजूने नव्या मोजपट्ट्या निघाल्या. पहिली, मोठी राज्यं कोणी जिंकली? जो प्रायमरीत ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया हरतो तो नोव्हेंबरमध्ये ती कशी जिंकणार, असा सवाल. ऐकायला बिनतोड, पण पोकळ. प्रायमरीत हरवणारी व्यक्ती आपल्याच पक्षाची असते, नोव्हेंबरमध्ये समोर दुसरा पक्ष असतो. ओबामांनी नोव्हेंबरमध्ये ओहायोही घेतलं आणि पेनसिल्व्हेनियाही. उलट ज्या आयडाहो-युटाच्या विजयांवरून त्यांचे समर्थक 'आम्ही लाल (म्हणजे रिपब्लिकन) राज्यांतही चालतो' म्हणत नाचत होते, तिथे त्यांनी सपाटून मार खाल्ला. हाच तर्क दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वापरला आणि दोघांच्याही बाबतीत तो फसला.

दुसरी मोजपट्टी, एकूण मतं. ही जास्त वजनदार वाटते, कारण लोकशाहीत शेवटी मतं मोजायची असतात असं आपल्याला वाटतं. पण इथे बेरीजच धड होत नाही. आयोवा, नेवाडा, मेन आणि वॉशिंग्टन राज्य यांनी कॉकसला आलेल्यांच्या मतांचा अधिकृत आकडाच दिला नाही. दिला असता तरी अकरा लाखांच्या प्रायमरीत एकवीस हजारांची कॉकस मिळवून काय कळणार? वॉशिंग्टन राज्यात तर नऊ फेब्रुवारीला कॉकस झाली, तीत ओबामा ६८ विरुद्ध ३१ असे पुढे. दहा दिवसांनी त्याच राज्यात, जिच्या निकालाला काही किंमत नव्हती अशी प्रायमरी झाली, तीत ओबामा ५१, हिलरी ४६. लोक तेच, उमेदवार तेच, आणि अंतर सदतीसवरून पाचवर. हिलरींच्या समर्थकांनी हे उदाहरण घासून घासून वापरलं, आणि माझ्या मते त्यांच्या भात्यातला हाच सर्वात खरा बाण होता. मात्र 'एकूण मतांत आम्ही पुढे' हा त्यांचा दावा टिकायला मिशिगनची मतं धरावी लागत. ती भानगड जरा सविस्तर सांगायला हवी.

पक्षाचा नियम असा होता की ५ फेब्रुवारीच्या आधी फक्त आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना यांनी मतदान घ्यायचं. मिशिगन आणि फ्लोरिडाने ऐकलं नाही, आपल्या तारखा जानेवारीत ओढल्या. पक्षाने दोन्ही राज्यांचे सगळे डेलिगेट काढून घेतले. उमेदवारांनी तिथे प्रचार न करण्याचं कबूल केलं. मिशिगनमध्ये ओबामा आणि आणखी एक उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनी मतपत्रिकेवरून नावंही मागे घेतली, हिलरींनी ठेवलं. या मतदानाला काही अर्थ राहणार नाही, असं त्यांनी २००७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू हॅम्पशायरच्या रेडिओवर स्वतःच सांगितलं होतं. १५ जानेवारीला मिशिगनमध्ये हिलरींना ५५ टक्के आणि 'अनकमिटेड', म्हणजे 'यांपैकी कोणालाही बांधील नाही', या रकान्याला ४० टक्के मतं पडली. एकूण मतांच्या हिशेबात ही मतं धरली तर ओबामांच्या खात्यात तिथून शून्य. फ्लोरिडात नावं सगळ्यांची होती, हिलरी सतरा टक्क्यांनी जिंकल्या.

वसंतात, आघाडी आवाक्याबाहेर गेल्यावर, हिलरींच्या बाजूला अचानक फ्लोरिडा आणि मिशिगनच्या मतदारांच्या हक्काचा उमाळा आला. प्रत्येक मत मोजलं पाहिजे! घोषणा उत्तम, तिला कोण नाही म्हणेल. ओबामांची बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. मिशिगनमध्ये फेरमतदान घ्यायची चर्चा मार्चमध्ये चालली होती, तेव्हा त्यांच्या माणसांनी कायदेशीर शंका काढत वेळ काढला आणि तो बेत बारगळला.

३१ मे ला वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात पक्षाच्या नियम समितीची बैठक भरली. दिवसभर टीव्हीवर थेट प्रक्षेपण, सभागृहात प्रेक्षकांची हुल्लड, बाहेर निदर्शनं. फ्लोरिडाचे डेलिगेट मतदानाप्रमाणे, पण प्रत्येकाला अर्धं मत, असं एकमताने ठरलं. मिशिगनचं काय करायचं? हिलरींची मागणी ७३ विरुद्ध ५५, ओबामांची निम्मे-निम्मे. राज्याच्या पक्षाने सुचवलेला ६९ विरुद्ध ५९ हा मधला आकडा १९ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाला, तिथेही अर्धं मत. हिलरींचे सल्लागार हॅरल्ड इकस खवळले. आमचे चार डेलिगेट पळवले, असं म्हणून त्यांनी समितीलाच सुनावलं. इकस स्वतः त्या समितीचे सदस्य होते, आणि आदल्या वर्षी या राज्यांना शून्यावर आणण्याच्या शिक्षेला त्यांनीच मत दिलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. वकिलाने अशिलाची बाजू मांडायचीच असते. फक्त ऐकणाऱ्याने ती बाजू मांडणी आहे, निवाडा नाही, हे ध्यानात ठेवावं. ऑगस्टच्या अधिवेशनात निकाल पक्का झाल्यावर दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत देण्यात आली, ते वेगळंच.

तिसरा वाद सुपरडेलिगेटचा. १९७२ आणि १९८० चे दारुण पराभव बघून पक्षातल्या जुन्याजाणत्यांना वाटलं की मतदारांवर सगळं सोडणं महागात पडतं. म्हणून १९८२ मध्ये खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी यांना थेट मताचा अधिकार मिळाला, कोणालाही बांधील नसलेला. २००८ मध्ये असे आठशेच्या आसपास होते, अधिवेशनातल्या एकूण मतांच्या सुमारे एक पंचमांश. सुरुवातीला त्यांच्यात हिलरींची आघाडी शंभराच्या घरात होती, तेव्हा ओबामांचे समर्थक म्हणत, पुढाऱ्यांनी मतदारांचा कौल फिरवू नये. हिलरींचे म्हणत, त्यांनी स्वतःच्या विवेकाने ठरवावं, त्यासाठीच तर ते आहेत. ठीक. मग 'कौल' म्हणजे कोणाचा? स्वतःच्या राज्याचा? तर मॅसॅच्युसेट्समध्ये हिलरी ५६ टक्के मतं मिळवून जिंकल्या आणि तिथले केनेडी, केरी, गव्हर्नर पॅट्रिक तिघंही ओबामांच्या मागे उभे. वॉशिंग्टन राज्य ओबामांचं, आणि तिथल्या दोन्ही सिनेटर हिलरींच्या. तत्त्वासाठी उमेदवार बदलणारा सुपरडेलिगेट त्या वर्षी शोधावाच लागला असता.

भारतीयांनाही या चिखलफेकीचे शिंतोडे उडाले. २००७ च्या जूनमध्ये ओबामांच्या मोहिमेतून पत्रकारांकडे एक टिपण गेलं. त्यात हिलरींच्या नावापुढे पक्ष आणि राज्य लिहायच्या जागी 'डेमोक्रॅट, पंजाब' असं लिहिलं होतं, आणि त्यांचे भारतीय देणगीदार, भारतातली गुंतवणूक, बाहेर जाणाऱ्या नोकऱ्या यांची जंत्री. एका कार्यक्रमात हिलरींनी 'पंजाबातून मी सहज निवडून येईन' अशी चेष्टा केली होती, तिचा हा उपयोग. भारतीय अमेरिकनांनी आवाज उठवला आणि ओबामांना माफी मागावी लागली. नवं राजकारण करायला निघालेल्या मोहिमेच्या पोतडीतही असला माल होता, हे लक्षात राहावं म्हणून सांगितलं.

३ जूनला शेवटची दोन राज्यं झाली आणि ओबामांनी उमेदवारीसाठी लागणारा २,११८ डेलिगेटचा आकडा ओलांडला. सात तारखेला हिलरींनी माघार घेतली. मधल्या काळात पक्ष फुटणार, हिलरींचे मतदार रिपब्लिकन उमेदवार मॅकेनकडे जाणार, अशी भाकितं रोज होत होती. 'पूमा' नावाने रुसलेल्यांचे गटही निघाले. २७ ऑगस्टला डेन्व्हरच्या अधिवेशनात मोजणी मध्येच थांबवून ओबामांना आवाजी मतदानाने निवडावं असा ठराव हिलरींनीच मांडला, आणि नोव्हेंबरमध्ये दहातल्या जवळपास नऊ डेमोक्रॅट मतदारांनी ओबामांना मत दिलं. मे महिन्यात रागाच्या भरात दिलेली उत्तरं नोव्हेंबरपर्यंत टिकत नाहीत, हे वाहिन्यांना दर चार वर्षांनी नव्याने कळतं.

आठ वर्षांनी त्याच मोजपट्ट्या हात बदलून आल्या. २०१६ मध्ये हिलरी डेलिगेटमध्येही पुढे होत्या आणि एकूण मतांतही. आता त्यांचे समर्थक म्हणू लागले की डेलिगेटचं गणित म्हणजे गणित, संपला विषय. त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी आधी सुपरडेलिगेट ही पद्धतच लोकशाहीविरोधी ठरवली, आणि मे महिन्यात त्याच सुपरडेलिगेटनी मन बदलून सँडर्सना जिंकवावं अशी गळ घातली. वॉशिंग्टन राज्यात कॉकसमध्ये सँडर्स ७३ टक्क्यांवर, तर बिनकामाच्या प्रायमरीत हिलरी ५२ टक्के मतं घेऊन पुढे. २००८ ची चूक पुन्हा जशीच्या तशी, फक्त या वेळी ओरडणारे त्या वेळी गप्प बसलेले होते.

भांडणं बरीच फुकट गेली, पण सगळी नाही. टेक्ससचा दुहेरी नाच २०१६ पासून बंद झाला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ठरलं की अधिवेशनातली पहिली फेरी चुरशीची असेल तर सुपरडेलिगेटना तीत मत नाही. २०२० पर्यंत वॉशिंग्टन, मिनेसोटा, कोलोरॅडो, मेन या राज्यांनी कॉकस सोडून प्रायमरी धरली. आयोवाची कॉकस २०२० मध्ये निकालाच्या अॅपनेच बुडवली आणि पक्षाने तिचा पहिला मान काढला. २०२४ साठी साउथ कॅरोलायना पहिलं, आणि आधीच्या राज्यांच्या यादीत चक्क मिशिगन. न्यू हॅम्पशायरला हे रुचलं नाही. आपणच पहिले, असा तिथे राज्याचा कायदा आहे. त्यांनी २३ जानेवारीला प्रायमरी उरकली. पक्षाने ती निरर्थक ठरवली, तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, तरी समर्थकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं, आणि एप्रिलमध्ये पक्षाने न्यू हॅम्पशायरशी जुळवून घेतलं. मिशिगनने २७ फेब्रुवारीला, पहिल्यांदाच पक्षाच्या परवानगीने, लवकर मतदान केलं. तिथे त्याच 'अनकमिटेड' रकान्यात एक लाखाहून जास्त मतं पडली. या वेळी कारण गाझा होतं, आणि त्या मतांचा अर्थ काय यावर दोन्ही बाजूंचं भाष्य मोजणी संपायच्या आत सुरू झालं होतं.